सुंठीचं बोट

या, असे जवळ सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढं यावं. मागं बसलं की निम्मी गोष्ट ऐकू येते आणि उरलेली निम्मी माणूस पदरची घालतो. घराघरातली भांडणं अशीच वाढतात. भिमाजीच्या बापाची जमीन कशी गेली आणि जिथं ज्वारी डुलायची तिथं कंपनीची शेड कशी उभी राहिली, ते आख्यान मागं होऊन गेलं. आज जन्माचं आख्यान लावलंय. देवाच्या जन्माचं बरं असतं. तिथी ठरलेली, वेळ ठरलेली, गुलाल कुणी उधळायचा तेही ठरलेलं. माणसाच्या जन्माला ठरलेला असतो तो फक्त सुंठवडा. बाकी सगळं पांडुरंगाच्या आणि डॉक्टरच्या हाती.

तर सुंठीपासूनच सुरुवात करू.

निघोज्याच्या घरात भिमाजीआबांची थोरली लेक विजयश्री खलबत्ता मांडून सुंठ कुटत बसली होती. घरात मिक्सर नव्हता असं नाही. एक चालू होता, दुसरा खोक्यातून अजून बाहेर यायचा होता. पण निघता निघता तिची आई, गोजाबाई, म्हणाली होती, "सुंठ हातानंच कुटायची, विजे. मिक्सरची सुंठ बाळंतिणीला बाधती." हे शास्त्र गोजाबाईंना त्याच सकाळी सुचलं होतं.

सकाळी तेजूच्या, म्हणजे धाकट्या तेजस्विनीच्या, पोटात कळा सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण, म्हणून ती महाळुंग्याहून माहेरी आलेली. भावानं, शेखरदादानं, आपली मोठी पांढरी गाडी दारात लावली. प्लॉटची गिऱ्हाइकं फिरवायला घेतलेली ती गाडी, तिच्यात आख्खी भजनी मंडळी मावेल. बसले तिघंच. तेजू, आई आणि दादा. विजयश्रीनं चप्पल घातली होती, पर्स खांद्याला लावली होती. तेवढ्यात आई दारात आडवी आली.

"तू हितंच थांब. घराला माणूस पायजे. आन् सुंठ कुटून ठेव."

"आबा आहेत की घरी."

"आबा म्हंजी माणूस का? ते पोथी घिऊन बसले की चोर घर धुऊन नेतील आन् हे त्याला हरिपाठ शिकवतील."

गाडी गेली. विजयश्रीनं चप्पल काढली.

आता ही विजयश्री. लग्न होऊन मारुंजीला गेली त्याला बरीच वर्षं झाली. नवरा गणराज गुणाचा. दोघं मिळून आयटीतल्या पोरांची खानावळ चालवतात. नागपूरचा, नांदेडचा, कुठला कुठला पोरगा तिच्या ताटावर जेवतो, ताप आला की तिलाच फोन करतो, आणि नोकरी बदलली की पाया पडून जातो. पण तिची स्वतःची कूस उजवली नाही. याबद्दल माहेरी तिला कुणी, कधी, एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर उत्तर देता आलं असतं. तिला फक्त कामं मिळत गेली. शेखरच्या मुलाच्या बारशाला पाळण्याशी आत्यानं कानात नाव सांगायची वेळ झाली तेव्हा तिला देवळात नैवेद्य पोचवायला धाडलं होतं. तेजूची ओटी भरली तेव्हा ती पुऱ्या तळत होती. आणि आज सुंठ. गोजाबाईंची माया इतकी, की त्यांनी लेकीला कधी बाजूला हो म्हणून सांगितलं नाही. फक्त बाजूलाच काहीतरी काम काढलं.

पण तेजूनं मागच्याच आठवड्यात तिचा हात धरून सांगितलं होतं, "ताई, त्या वेळी तू पाहिजेस. आई नको. आई माझ्याहून मोठ्यानं ओरडेल." विजयश्रीनं हो म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला स्वयंपाकघराच्या बाहेरचं काम दिलं होतं. तो शब्द खलबत्त्यात सुंठीबरोबर कुटला जात होता.

दुपार कलली आणि फोन वाजला.

"विजे," पलीकडून आई हळू आवाजात बोलली, म्हणजे शेजारी कुणीतरी होतं. "देव्हाऱ्यातली अंगठी ऱ्हायली गं. आन् मधाची बाटली. मी पिशवीत घातली व्हती, पिशवीत न्हाई."

"दादाच्या हाती पाठवते."

"त्यो मोशीला गेलाय मिठाई आणाया. आबांना धाड."

"आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी चालवायला बंदी आहे ना, आई."

पलीकडं बाकावरून उठून लांब गेल्याची पावलं वाजली. मग गोजाबाई म्हणाल्या, "बरं. तू आन. जिन्यातच दे, आन् माघारी जा. सुंठ ऱ्हायली असंल."

अंगठी म्हणजे भिमाजीच्या आईची, शुद्ध सोन्याची. बाळ जन्मलं की ती मधात उगाळायची आणि मधाचं बोट बाळाच्या जिभेला लावायचं, ही या घरची रीत. जो पहिलं बोट चाटवतो त्याचा स्वभाव बाळाला लागतो, असं घरात सगळे मानतात. शेखरला त्याच्या मामानं चाटवला होता. मामा जमिनीचा दलाल. पुढचं सांगायला नको.

विजयश्रीनं देव्हारा शोधला. अंगठी तिथं नव्हती. ती निघाली पोथ्यांच्या मागं, फडक्यात गुंडाळलेली, आणि बाटलीही तिच्याच शेजारी. आईच्या पिशवीतून ती पोथ्यांमागं कशी गेली, ते पांडुरंग जाणे आणि भिमाजी जाणे. भिमाजी त्या वेळी पायात पायताण घालून, टोपी सारखी करून, स्कूटरपाशी उभे होते.

"आबा, तुम्ही कुठं?"

"बाटली कुणी धरायची? सांडंल ना."

महाळुंग्याच्या फाट्यापासून कंपनीच्या बसा एकीला एक लागून उभ्या होत्या आणि त्यांच्यामधून नव्या कोऱ्या गाड्या लादलेला लांबलचक ट्रेलर वळण घेऊ पाहत होता. विजयश्रीनं स्कूटर कडेच्या मातीतून काढली. मागं भिमाजी मधाची बाटली दोन्ही हातांत, छातीशी, काल्याच्या प्रसादासारखी धरून बसले होते.

इकडं हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर, दोन आज्या एकाच बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या.

एका टोकाला गोजाबाई. दुसऱ्या टोकाला तेजूच्या सासूबाई इंदुताई, मूळच्या लातूरकडच्या. मुलगा सुजित कंपनीत सुपरवायझर, म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी इकडं आल्या. महाळुंग्याला स्वतःचा फ्लॅट आहे. पण निघोज्याची माणसं अजून त्यांच्याशी भाडेकरूशी बोलावं तसं बोलतात, हे त्यांच्या मनातून जात नाही. गोजाबाई तर त्यांना प्रत्येक वेळी चहाच पाजतात. पाहुण्याला पाजावा तसा.

मधे उभी होती जयमाला सिस्टर. तिच्या हातात कागदी बांगडी होती, हिरवी. ती ज्याच्या मनगटाला, तोच बाळंतिणीच्या खोलीत.

"एकच जण," जयमाला म्हणाली. "आणि लवकर ठरवा."

"मी आई हाय तिची," गोजाबाई म्हणाल्या.

"मी सासू हाय की," इंदुताई म्हणाल्या. "लेकरू आमच्या घरचं हाय."

"पहिलं बाळंतपण म्हायेरचं असतंय, विहीणबाई."

"बाळंतपण म्हायेरचं असू द्या. बाळ कुणाचं म्हणलाल्या तुमी?"

"तुमी लांबून आलाय. दमला असाल. चहा सांगू का?"

"चहाच पिलाले सकाळपासून. चहा पाजून पाजून मला बाकाला चिकटवून ठेवलंय तुमी."

गोजाबाईंना वाटत होतं की बाईचं तोंड फार चालतं, नातवंडाला हा गुण लागला तर संपलंच. इंदुताईंना वाटत होतं की ही बाई बोलते गोड आणि माणसाला तोलते आधी. हा गुण लेकराला लागला तर ते आपल्यालाही तोलेल. दोघींच्याही मनात मधाचं बोट होतं. आणि गंमत अशी, की दोघींचंही एकमेकींबद्दलचं मत अगदी बरोबर होतं.

शेखर मिठाई घेऊन आला. पेढे आणि बर्फी दोन्ही आणले होते. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, उरेल ते प्लॉटच्या गिऱ्हाइकाला. त्यानं खिशातून फोन काढला. "थांब आई, मी बोलतो. आपला माणूस आहे वर. एक पास वाढवून घेऊ."

"दादा," जयमाला म्हणाली, "तुमच्या कंपनीत एका गेटपासवर दोन माणसं सोडतात का?"

"माझी कंपनी नाही हो. जमीन आमची होती, कंपनी त्यांची आहे."

"मग खोली आमची आहे." ती आत गेली.

थोड्या वेळानं परत आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. "पेशंट दमलीये. सहकार्य करेना. सारखी विजूताई, विजूताई करतीये. कोण विजूताई?"

इंदुताईंनी गोजाबाईंकडं पाहिलं. शेखरनं फोनकडं पाहिलं.

"मोठी बहीण तिची," गोजाबाई म्हणाल्या. "ती घरी हाय, निघोज्याला. यायला लय उशीर लागंल."

त्या वेळी विजयश्री जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात फडक्यातली अंगठी. आईची पाठ तिच्यापासून चार हातांवर होती.

तिला राग आला असं म्हणावं, तर नाही. तिला एकदम थकल्यासारखं झालं. ती मनात म्हणाली, अंगठी इथं पायरीवर ठेवावी, आबांच्या हातातली बाटली ठेवावी आणि जावं. आईलाही खोटं पडायला नको आणि आपल्यालाही खरं ठरायला नको. ती वळली. तर मागं भिमाजी. जिना अरुंद आणि भिमाजी मधोमध.

"आबा, सरा जरा."

"मला धाप लागलीया."

सप्ताहात सात दिवस उभं राहून टाळ कुटणारा माणूस हा. त्याला धाप लागलेली गावात कुणी पाहिली नव्हती. भिमाजींनी कठड्याला धरलं आणि भजनात मागची चाल लावतात तेवढ्या मोकळ्या आवाजात म्हणाले, "कोण? विजू का? ती काय हितं. मीच घिऊन आलो."

गोजाबाई वळल्या. चेहऱ्यावरचं खोटं पुसायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांना मिळाला नाही.

"बरं झालं आलीस," त्या म्हणाल्या, "मी आत्ताच म्हणत व्हते."

"ऐकलं मी, आई."

गोजाबाईंनी नवऱ्याला बाजूला ओढलं. कुजबुजल्या, पण ती कुजबुज बाकापर्यंत पोचेल इतकी होती. "तुमाला कळत न्हाई का? पहिलीच येळ हाय पोरीची. अशा येळंला कोण म्होरं असावं, कोण नसावं..."

"मला पहिला मध कस्तुराकाकूनं चाटवला," भिमाजी म्हणाले.

"म्हणूनच तुमी असे निघाला."

"शेखरची नाळ तिनंच कापली. ह्या विजूची बी तिनंच. तवा तू तिचा हात असा धरला व्हतास, की चार दिवस तिला भाकरी थापता आली न्हाई."

गोजाबाईंनी पदर सारखा केला. कस्तुराकाकू मागच्या आख्यानांतून काहींना माहीत असेल. भिमाजीची चुलती, मूलबाळ नसलेली, निम्म्या निघोज्याची सुईण. हॉस्पिटलं आली नव्हती तेव्हा गावाला तिच्याशिवाय जन्म घेता येत नव्हता. अंधाऱ्या खोलीत ती सगळ्यांना चालायची. बाराव्या दिवशी उजेडात पाळणा सजला की मात्र तिला स्वयंपाकघरात सुंठवडा कुटायला बसवायचे. गावाचं शास्त्र असं सोयीचं होतं.

इतक्यात सुजितचा फोन आला. तो तळेगाव चौकात ट्रेलरच्या मागं अडकला होता. इंदुताईंनी फोन कानाला लावला, लेकाचं ऐकलं, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. इंदुताई मराठवाड्याच्या. त्यांच्या गावीही बिनलेकराची बाई बाळंतिणीच्या खोलीत जात नाही. पण त्यांनी मनातल्या मनात ताजवा धरला. एका पारड्यात गोजाबाई, दुसऱ्यात ही मुकी पोरगी. पारडं झरकन झुकलं.

"सुजित म्हणलाला, ती ज्याला बोलवंल त्याला पाठव," त्या म्हणाल्या. "लेकरू बहिणीला बोलवायलंय, तर जाऊ द्या की तिला."

गोजाबाईंनी विहिणीकडं पाहिलं. नाही म्हणावं तर बांगडी परत भांडणात पडते, आणि ही बाई ती उचलून आत शिरेल. त्यापेक्षा आपलीच पोटची गेलेली बरी. "जाऊ द्या मंग," त्या म्हणाल्या. "आमी कवा न्हाई म्हनलं?"

अशा रीतीनं विजयश्रीचा बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश झाला. कुणाला ती हवी होती म्हणून नाही. दोघींना एकमेकी नको होत्या म्हणून.

गोजाबाईंनी बांगडी बांधायच्या निमित्तानं तिला जवळ घेतलं आणि अंगठी मधात सोडून बाटली तिच्या मुठीत दिली. "मधाला तू हात लावू नगं. सिस्टरला सांग, आजीच्या नावानं चाटवा म्हनाव." तोंडावरून हात फिरवला आणि हे म्हणाल्या. मायेत आणि शब्दात इतकं अंतर असलं की ऐकणाऱ्यानं कशावर विश्वास ठेवायचा? विजयश्रीनं मान हलवली.

इंदुताई गाऊनच्या नाड्या बांधायला मागं आल्या. नाडीची गाठ मारता मारता दुसरी एक छोटी बाटली गाऊनच्या खिशात गेली. "आमच्या रानातलं मध हाय. हे आधी. कुणाला बोलू नको, माय."

जयमालानं तिला आतल्या बेसिनपाशी उभं केलं. "कोपरापर्यंत धुवा." विजयश्रीनं धुतले. जयमालानं वास घेतला. "कसला वास येतोय?"

"सुंठीचा."

"परत धुवा." तिनं परत धुतले. "आणि खिशात काय आहे? मध? मावशी, बाळाला मध देत नाहीत. वर्षभर नाही. पहिलं आईचं दूध, बास." दोन्ही बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर गेल्या, शेजारी शेजारी. दोन्ही घरांचे स्वभाव तिथं उन्हात जाऊन बसले.

आत तेजू घामानं भिजली होती. केस कपाळाला चिकटलेले.

"कुठं होतीस?" ती म्हणाली.

"सुंठ कुटत."

"मी इथं मरतीये आणि तू सुंठ कुटतीयेस."

"तुलाच खायचीये ती. गप."

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, आवाज मात्र शाळेतल्या बाईंसारखा. त्यांनी विजयश्रीला बाजूला घेऊन सांगितलं. बाळ खाली आलंय, पण ही जोर लावत नाही. कळ आली की अंग आखडते. बाळाचे ठोके मधून मधून खाली येतायत. थोडा वेळ बघू, नाहीतर ऑपरेशनला घ्यावं लागेल. "तुम्ही बोला तिच्याशी. तुमच्या बाळंतपणाच्या वेळी तुम्ही काय केलं होतं ते सांगा तिला."

विजयश्रीच्या वेळी? अशी वेळच तिच्यावर आली नव्हती. जगातल्या सगळ्या बायकांना जे सांगता आलं असतं ते तिला सांगता येत नव्हतं. पुढची कळ आली. तेजूनं तिचं मनगट धरलं, हिरव्या बांगडीसकट, आणि "नाही होत ताई, नाही होत" म्हणत मान हलवायला लागली.

क्षणभर विजयश्रीला वाटलं, आईचंच बरोबर होतं. आपण इथं यायला नको होतं.

आणि मग तिला काय सुचलं ते देवच जाणे. ओसरीवर त्या दोघी लहानपणी कीर्तन-कीर्तन खेळायच्या. विजू बुवा व्हायची, खांद्यावर टॉवेल. तेजू टाळकरी, हातात दोन स्टीलच्या ताटल्या. गावच्या सप्ताहाला एक बुवा यायचे, त्यांची खोड अशी की गजराच्या आधी ते हमखास मागं वळून स्पीकरवाल्याला दटावायचे, "माइक वाढव रे." दरवर्षी, प्रत्येक गजराला. छोट्या तेजूला वाटायचं की तो देवाच्या नावाचाच भाग आहे. कितीतरी दिवस ती देव्हाऱ्यापुढं हात जोडून, डोळे मिटून, आधी "माइक वाढव रे" म्हणायची आणि मग नमस्कार करायची. भिमाजींनी तिला कधी सुधारलं नाही. ते म्हणायचे, देवाला कळतंय.

विजयश्रीनं घसा खाकरला. गाऊनची बाही खांद्यावर टॉवेलासारखी सारखी केली. मान मागं वळवली आणि त्या बुवांच्या अनुनासिक आवाजात, सलाइनच्या बाटलीला म्हणाली, "माइक वाढव रे."

तेजूचे डोळे उघडले.

"ताई, गप. हसवू नको."

"बोला..."

"ताई, दुखतंय गं."

"टाळकरी झोपले का? बोला, पुंडलिक वरदे..."

तेजूच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ कळ आली. आखडायला अंगाला वेळच मिळाला नाही. "हाऽऽरी विठ्ठल," ती ओरडली, बेंबीच्या देठापासून.

"अस्सं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "असाच जोर. परत तेच करा, जे काय करताय ते."

पुढच्या कळेला माइक आणखी वाढला. त्याच्या पुढच्या कळेला जयमाला सिस्टरनंही "हरी विठ्ठल" म्हटलं. ती जुन्नरकडची, सप्ताहात वाढलेली, किती वेळ गप्प राहील? बाहेर कॉरिडॉरमधे गोजाबाई उठून उभ्या राहिल्या. "ह्या गर्दीत दिंडी कुठली आली?" भिमाजींनी टोपी काढून छातीशी धरली आणि बाकावरूनच, हळूच, चाल उचलली. शेखरनं चालू फोन तसाच खिशात टाकला. पलीकडच्या साहेबांना त्या दिवशी फुकट कीर्तन घडलं.

आणि मग आतला सगळा गजर थांबला. एक बारीक, चिडका, नवा आवाज आला. विजयश्रीनं आयुष्यात ऐकलेला तो सगळ्यात वरच्या पट्टीतला आवाज होता.

"मुलगी," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

तेजूला थरथर सुटली होती, टाके घालायचे होते. जयमालानं बाळ पुसलं, गुंडाळलं आणि इकडं तिकडं न बघता विजयश्रीच्या हातात दिलं. "छातीशी धरा, मावशी. तिला ऊब लागते. आई मोकळी होईपर्यंत."

विजयश्रीनं धरलं. तिला पाळण्यापासून नेहमी लांब ठेवलं होतं, त्यामुळं इतकं नवं बाळ तिनं कधी धरलंच नव्हतं. बाळ किती हलकं असतं हे तिला माहीत नव्हतं, आणि किती गरम असतं हेही. तिला रडू आलं नाही. ती नुसती बघत राहिली, खानावळीत दूध उतू जाताना बघावं तशी, पापणी न लववता. दुपट्यातून एक मूठ बाहेर आली. चाचपडली. विजयश्रीच्या उजव्या हाताच्या बोटाला लागली, ते तिनं पकडलं आणि कुणी काही म्हणायच्या आत थेट तोंडात ओढलं.

एकदाच चोखलं. मग बाळानं तोंड वाकडं केलं. शेजारणीची आमटी चाखून गोजाबाई जसं तोंड करतात, अगदी तसं.

जयमालानं बोट सोडवलं. "दोनदा धुवूनसुद्धा वास गेला नाही बघा तुमचा."

मग बाळ तेजूच्या छातीशी गेलं, आणि विजयश्रीला बाहेर जायला सांगितलं.

बाहेर चौघंही दारापाशीच होते. शेखरच्या एका हातात बर्फी, एका हातात पेढे. "काय?" तो म्हणाला.

"मुलगी. दोघी बऱ्या आहेत."

भिमाजींनी टोपी डोक्यावर ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून हात जोडले. शेखरनं पेढ्यांचा बॉक्स गाडीत ठेवायला नेला. दोन्ही आज्या एकाच वेळी पुढं सरकल्या, दोघींनीही डोळ्यांनीच विचारलं, आणि विजयश्रीला दोघींना दोन उत्तरं द्यायची वेळ येणार, इतक्यात मागून जयमाला बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांत दोन बाटल्या होत्या.

"या कुणाकुणाच्या? घेऊन जा. बाळाला मध द्यायचा नाही, कितीदा सांगायचं?"

गोजाबाईंनी इंदुताईंची बाटली पाहिली. इंदुताईंनी गोजाबाईंची. दोघीही मग हॉस्पिटलच्या छताकडं बघायला लागल्या, जणू तिथं काहीतरी रंगकाम चाललं होतं.

"लातूरचं मध?" शेवटी गोजाबाई म्हणाल्या.

"निघोज्याची अंगठी?" इंदुताई म्हणाल्या.

मग गोजाबाई लेकीकडं वळल्या. आता विचारायचं होतं ते उघडच विचारावं लागत होतं. "मंग पहिलं काय गेलं पोरीच्या तोंडात? दूध?"

खोटं बोलणं सोपं होतं. दूध म्हटलं असतं तर सगळ्यांचं भागलं असतं आणि विजयश्री पुन्हा पुऱ्या तळायला मोकळी झाली असती. पण ती आत्ताच एका गजरातून बाहेर आली होती. घसा अजून उघडाच होता.

"माझं बोट," ती म्हणाली. "तिनंच धरलं आणि ओढलं. मी दिलं नाही, आई. पण काढूनही घेतलं नाही."

इंदुताईंचा हात आपसूक मंगळसूत्राशी गेला. भिमाजी आपली टोपी दुमडत होते. विजयश्री आईच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. आता जे यायचं ते शब्दात येऊ दे, असं तिला मनापासून वाटत होतं. काम नको. शब्दच हवा. मग तो कसाही असो.

"हात धुतला व्हतास?" गोजाबाई म्हणाल्या.

"दोनदा."

गोजाबाईंनी तिचा उजवा हात धरला. वर उचलला. ते बोट नाकापाशी नेलं. आणि तशाच उभ्या राहिल्या. सकाळी त्यांनीच हातानं कुटायला लावलेली सुंठ. लेकीला दाराबाहेर ठेवायला काढलेलं काम. ते काम बरोब्बर दारातून आत शिरून नातीच्या जिभेवर जाऊन बसलं होतं. पांडुरंगालाही कधीकधी विनोद सुचतो, आणि तो दोन वेळा हात धुतले तरी जात नाही.

"बरं झालं," इंदुताई म्हणाल्या. "तुमच्यावर बी न्हाई गेली, माझ्यावर बी न्हाई गेली. लेकरू वाचलं म्हणलाले मी."

गोजाबाईंना हसू आलं. ते त्यांनी पदरात धरलं, पण खांदे हलले. हलता हलता ते हसण्यानं हलतायत की आणखी कशानं, हे विजयश्रीला कळेना. आईनं तिचा हात सोडला नव्हता.

"सुंठ कुटून झाली का?" गोजाबाईंनी विचारलं.

विजयश्रीनं हेल्मेट कुठं ठेवलं ते नजरेनं शोधलं. "निम्मी राहिलीये."

"बारशाचा सुंठवडा तुलाच करायचाय. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती चव न्हाई." गोजाबाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि बाकाकडं बघत, जणू बाकालाच सांगतायत अशा, पुढं म्हणाल्या, "पर आदल्या दिशीच करून ठिव. बारशाला पाळण्याशी आत्या लागती. सुजितला बहीण न्हाई. कानात नाव कोन सांगंल?"

"मावशी सांगल की," भिमाजी म्हणाले. "तिचा माइक मोठा हाय."

आता इंदुताई यावर काय म्हणाल्या, आत्याचा मान मावशीला देण्यावरून लातूर आणि निघोजे यांत पुन्हा काय रंगलं, ते सांगत बसलो तर तुमच्या घरी जेवणं खोळंबतील. एवढंच सांगतो, की त्या संध्याकाळी त्या बाकाच्या दोन टोकांना नाही तर मधोमध बसून दोन आज्यांनी एकाच बॉक्समधली बर्फी खाल्ली, आणि चहा या खेपेला इंदुताईंनी सांगितला.

माझं एक मागणं आहे. उद्या तुम्हीही कुणाच्या तरी बारशाला जाल. गर्दी पाळण्याशी असेल. तुम्ही आधी स्वयंपाकघरात डोकवा. खलबत्त्यापाशी कुणी बसली असेल, तर तिला बाहेर बोलवा. बोलवायचा धीर झाला नाही, तर निदान तिच्या हातचा सुंठवडा तोंडात टाकताना कस्तुराकाकूची आठवण ठेवा. निम्म्या निघोज्याला तिनं उजेड दाखवला, आणि तिचा एक फोटोसुद्धा कुणाच्या भिंतीवर नाही.